डब्याच्या बुडाला खरं लिहा: देशातल्या प्लास्टिक उद्योगाला खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र भारतात प्लास्टिक बनवणाऱ्या सगळ्यांना आहे. म्हणजे क्रॅकर आणि पॉलिमर प्लांट चालवून नवा प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, रंगाचा दाणा बनवणारे मास्टरबॅचवाले, दाण्यात इतर पदार्थ मिसळणारे कंपाउंडवाले, साच्यातून वस्तू काढणारे मोल्डर, बाटल्या फुगवणारे ब्लोइंगवाले, फिल्म आणि लॅमिनेशनवाले, आणि सगळ्यात जास्त कोणाला असेल तर ऑफिसात बसून पॅकिंग कसं दिसावं हे ठरवणाऱ्यांना, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या मालाचं पुढे काय होणार हे तिथेच ठरून आलेलं असतं.

मी वसईजवळ वालीवला एक छोटं युनिट चालवते, मी आणि माझे मिस्टर. भंगारातलं पीपी (पॉलिप्रोपिलीन) आणि एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथिन), म्हणजे डबे-बादल्यांचं प्लास्टिक, विकत घ्यायचं, निवडायचं, ग्राइंडरला टाकायचं, धुवायचं, सुकवायचं आणि एक्सट्रूडरमधून, म्हणजे वितळवून ढकलणाऱ्या मशीनमधून, सुतासारखं काढून कापून परत दाणा करायचा. 19 वर्षं झाली. म्हणजे मी तुमच्याच धंद्यातली आहे, फक्त साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, आणि या टोकाला जे दिसतं ते तुमच्यापर्यंत कधी पोचतच नाही असं मला वाटतं म्हणून लिहायला बसले.

प्लास्टिकवर कोणी लिहायला घेतलं की समोरचा लगेच धरून चालतो की हे बंद करा म्हणणारे. मी तसं म्हणत नाहीये. या मटेरियलबद्दल मला मनापासून आदर आहे. आमचं गाव जालन्याकडचं, 2012-13 च्या दुष्काळात काकांनी टँकरचं पाणी ठिबकच्या नळ्यांतून थेंब थेंब देऊन निम्मी मोसंबी वाचवली, त्या नळ्या एलएलडीपीईच्या, म्हणजे लवचिक पॉलिथिनच्या, होत्या. सासूबाईंना दवाखान्यात रक्त चढवत होते तेव्हा ती पिशवी आणि नळी पीव्हीसीची होती हे मला बघताक्षणी कळलं आणि अशा वेळी काचेची बाटली नाहीये याचं बरं वाटलं. शेततळ्याचं अस्तर, पाण्याचा पाईप, सिमेंटची गोणी, यातलं काय काय तुम्ही आमच्या आयुष्यातून काढणार. त्यामुळे माझी तक्रार प्लास्टिक बनवता यावर नाही. तुम्ही काय बनवलं आहे ते पुढच्याला सांगत नाही, ही तक्रार आहे.

माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका पॉलिमर कंपनीत शिफ्टला होते. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ आहे की आपल्या देशात पॉलिस्टायरीन 1957 ला सुरू झालं, एलडी म्हणजे पिशव्यांचं मऊ पॉलिथिन 1959 ला, पीव्हीसी 1961 ला, एचडी 1968 ला आणि पीपी 1978 ला. ते सांगायचे तेव्हा मोजकेच ग्रेड होते. बादली म्हणजे एचडी, ती फुटली की दारावर येणाऱ्या भंगारवालीला द्यायची आणि ती बदल्यात लसूण द्यायची, आणि ती बादली शेवटी कोणत्या भट्टीला जाणार हे तिलाही माहीत असायचं कारण बादली दुसऱ्या कशाची असायचीच नाही. आज एका घरातून आठवड्याला जे प्लास्टिक बाहेर पडतं त्यात किती प्रकार असतात ते माझ्या निवडायच्या टेबलावर येऊन बघा.

टेबलाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते बघितलेलं नसणार. आमच्याकडे सहा बायका निवडायला आहेत, त्यातल्या एका मावशींचा हात असा आहे की लॅबला लाजवेल. तुकडा उचलतात, वाकवतात, नखाने ओरखडा काढतात. नख रुतलं आणि हाताला मेणचट लागलं तर एचडी. नख घसरलं आणि टेबलावर टाकल्यावर जरा टणक आवाज आला तर पीपी. वाकवल्यावर काडकन मोडलं तर पॉलिस्टायरीन, पांढरी रेघ उठून मोडलं तर हिप्स, म्हणजे रबर घातलेलं पॉलिस्टायरीन, असू शकतं. आणि एवढं करूनही कळलं नाही तर लायटरने कोपरा पेटवून वास घ्यायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडी नाहीतर पीपी, काळी काजळी उडाली तर पॉलिस्टायरीन, ज्योत हिरवट झाली आणि नाकात झोंबलं तर पीव्हीसी. हे रोज करतात. मी त्यांना जाळून बघायला बंदी केली आहे, घरी मुलांना सांगावं तसं सांगितलंय, पण माल कशाचा आहे ते कळायलाच पाहिजे आणि कळायला दुसरा मार्ग नसला की लायटर परत खिशातून निघतो. त्या धुराचं काय होतं हे मला माहितीये आणि मला रात्री झोप लागत नाही कधीकधी.

आता यावर तुम्ही म्हणाल बुडाला त्रिकोणात आकडा असतो की. 1 म्हणजे पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), 2 एचडी, 3 पीव्हीसी, 4 एलडी, 5 पीपी, 6 पॉलिस्टायरीन, 7 म्हणजे बाकीचं सगळं. असतो ना, पण कसा असतो ते सांगते. काही वेळा इतका बारीक की ग्राइंडरला जायच्या घाईत दिसतच नाही. काही वेळा साच्यातच झिजलेला. काही वेळा साचा जुना, त्यावर 2 कोरलेलं आणि आत मटेरियल पीपी टाकलेलं, कारण त्या महिन्यात पीपी स्वस्त होतं. झाकण एका कारखान्याचं आणि डबा दुसऱ्याचा, मग झाकणावर आकडाच नाही. आणि 7 चा तर मला उपयोग शून्य आहे, तो आकडा बघून माल बाजूला टाकण्यापलीकडे मी काही करू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढऱ्या डब्यांचा एक लॉट आला, साडेतीन टन, सगळे एकसारखे, स्वच्छ, बुडाला ठळक 5. असा माल मिळाला की आम्हाला सण वाटतो, भाव पण चांगला मोजला. ग्राइंड करून टाकीत सोडलं. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं आणि वरून जाळीने काढून घ्यायचं, माती आणि पीव्हीसी खाली बसतात, आमचं सगळं धुणं या एका गोष्टीवर चालतं. तर त्या दिवशी अर्ध्याहून जास्त माल खाली गेला. आधी वाटलं टाकीतच काहीतरी गडबड आहे. मग चिमूटभर घेऊन जाळलं तर मागे पांढरी राख राहिली. कॅल्शियम. डब्यात कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर, म्हणजे भर घालायची जड पावडर, भरपूर मारलेला, म्हणून माल बुडला, आणि बुडाला नुसतं 5.

फिलर घालणं गुन्हा नाहीये हे मला माहितीये, खुर्चीत घालतात, गोणीच्या कापडात घालतात, कडकपणा येतो, स्वस्त पडतं, वजन भरतं. घाला. पण तेवढं लिहा ना! 5 च्या बाजूला फिलर आहे हे दोन अक्षरांत लिहिलं असतं तर मी तो लॉट वेगळा धरला असता, टाकीत सोडलाच नसता, आणि ज्याला फिलरवालाच माल चालतो अशा मोल्डरला दिला असता. झालं काय, तर खाली बसलेला माल मातीसकट उपसला, परत धुतला, एक्सट्रूडरची जाळी सारखी चोक व्हायला लागली, आणि शेवटी तो दाणा अगदी हलक्या भावात गेला. डबे बनवणाऱ्याने किलोमागे काही पैसे वाचवले असतील आणि ते सगळे आणि वरून आणखी मी भरले, शिवाय टाकीतून माल उपसणाऱ्या दोन मुलांनी दोन दिवस कंबर मोडून घेतली.

आमच्या बाजूच्या गाळ्यात पेटचं काम चालतं. त्यांचं दुखणं वेगळंच. पाण्याची साधी बाटली ही खरं तर फार विचार करून केलेली वस्तू आहे, बाटली पारदर्शक पेटची, ती बुडते, झाकण एचडीचं, ते तरंगतं, लेबल बीओपीपीचं (पीपीची ताणलेली पातळ फिल्म), ते पण तरंगतं, टाकीत आपोआप वेगळं होतं. ज्याने कोणी असं ठरवलं त्याचे आभार. पण त्याच बाटलीला कोणाला तरी चकचकीत स्लीव्ह, म्हणजे घट्ट बसणारं छापील आवरण, घालावीशी वाटते, खालपासून वरपर्यंत, आणि ती स्लीव्ह पीव्हीसीची निघते. पीव्हीसी आणि पेट दोघांचं वजन जवळपास सारखं, दोन्ही बुडतात, पाणी इथे काही मदत करत नाही. पेट वितळायला 250 च्या वर तापमान लागतं, तिथे पीव्हीसी कधीच करपलेलं असतं, त्यातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड निघतं, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात आणि बॅरल स्क्रू खराब होतात ते वेगळंच. टनाला 100 ग्रॅम पीव्हीसी राहिलं तरी चांगल्या कामाला माल नापास होतो. एका स्लीव्हसाठी.

शांपूच्या बाटलीचा पंप घ्या, बाटली छान एचडीची पण पंपात स्टीलची स्प्रिंग आणि कधी गोळी, ती ग्राइंडरच्या ब्लेडला लागली की ब्लेड गेलं. आम्ही प्रत्येक पंप हाताने उपटतो. दिवसाला शेकडो.

आणि पाकिटं. दुधाची पिशवी नुसत्या पॉलिथिनची असते, धुऊन वाळवून दिली की तिला भाव मिळतो, तिला उचलायला माणूस वाकतो. वेफरचं चकाकणारं पाकीट दिसायला तसंच पातळ पण त्यात थर, वर एक छपाईचा, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा, आत चिकटायला पॉलिथिन, आणि बऱ्याचदा वरचा थर पेटचा असतो. हे थर माझ्यासारख्याला वेगळे करता येत नाहीत. पेट आणि पॉलिथिन एकत्र वितळवलं तर दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, दाणा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून कचरा वेचणारी बाई त्याच्याकडे बघत पण नाही, तिला माहितीये की त्याचे पैसे नाहीत. ते फार तर सिमेंटच्या भट्टीत जळायला जातं, नाहीतर नाल्यात. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली तेव्हा सगळा राग पातळ पिशव्यांवर निघाला, ते बरोबरही होतं, आणि मग पिशवी कमीत कमी किती जाड हवी याचे मायक्रॉनचे नियम येत गेले, आधी 50, मग सप्टेंबर 2021 अखेर 75, मग डिसेंबर 2022 अखेर 120. तपासायला येणारे साहेब जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. आत काय आहे ते मोजायला कोणी येत नाही.

याच संदर्भात एक. बाजारात कापडी म्हणून मिळणाऱ्या त्या नॉन-वोव्हन पिशव्या, त्या पीपीच्या आहेत. लोक त्या कापड समजून ओल्या कचऱ्यात टाकतात, खत होईल म्हणून! आणि उलट खत होणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्या दिसायला डिट्टो एलडीसारख्या, त्या एलडीच्या गठ्ठ्यात येतात आणि दाणा कमजोर करतात. त्यावर छापलेलं असतं, पण पिशवी चुरगळून फाटून गठ्ठ्यात आल्यावर ते कोण वाचणार. निदान सगळ्यांनी मिळून एकच रंग तरी ठरवा, की कंपोस्टेबल म्हणजे हाच रंग आणि दुसऱ्या कोणत्याही पिशवीला तो वापरायचा नाही.

रंगाचं पण सांगायचंय. आमच्याकडे मालाची उतरंड असते, सगळ्यात वर मिल्की म्हणजे बिनरंगाचा, मग पांढरा, मग फिकट रंग, मग मिक्स, आणि सगळ्यात खाली काळा. वरून खाली जाता येतं, खालून वर कधीच नाही. बिनरंगाच्या डब्याचं पुढे काहीही होऊ शकतं, काळ्या डब्याचं फक्त काळंच होणार. हॉटेलच्या पार्सलचे ते काळे डबे, त्यांना काळं करायची काय गरज आहे हे मला कोणी समजावून सांगावं. आता मोठ्या प्लांटना इन्फ्रारेडने निवडणाऱ्या मशीन येतायत, त्या मशीनला कार्बन ब्लॅकवाला, म्हणजे काजळीने रंगवलेला, काळा तुकडा दिसतच नाही, म्हणजे मावशींच्या हातातून सुटला आणि मशीनच्या डोळ्यातूनही सुटला.

एक गोष्ट लक्षात घ्या की तुम्ही आज जे घालता ते आमच्याकडे लगेच येत नाही. वेफरचं पाकीट महिन्याभरात येतं, खुर्ची दहा वर्षांनी, पाईप चाळीस-पन्नास वर्षांनी. पीव्हीसी पाईपमध्ये वर्षानुवर्षं शिशाचा स्टॅबिलायझर, म्हणजे गरम करताना पीव्हीसी करपू नये म्हणून घालायचा पदार्थ, घातला गेला, 2021 ला सरकारने नियम काढून तो बंद करायला लावला आणि कारखाने कॅल्शियम-झिंककडे वळले, कथिलाकडे वळले. म्हणजे करायचं ठरवलं तर तुम्हाला जमतं, पाईप काही बनायचे थांबले नाहीत. पण भिंतीत आणि जमिनीत गाडलेला जुना शिशाचा पाईप अजून कितीतरी वर्षं भंगारात येत राहणार आणि तो हातात घेणाऱ्याला त्यात शिसं आहे हे कळणार नाही. जुन्या टीव्हीच्या मागच्या खोळीत आग लागू नये म्हणून ब्रोमिनवालं केमिकल घालायचे, ती खोळ पण काळी, ती दळली गेली की तिचं पुढे काय होईल, एखादं खेळणं होईल का, हे खात्रीने सांगणारं कोणी नाही. त्या वेळी कोणी लिहून ठेवलं असतं तर!

आता तुम्हाला माझा दाणा लागणारे, म्हणूनही हे लिहायची हीच वेळ आहे. ईपीआरच्या, म्हणजे पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणाऱ्या, नियमात कडक पॅकिंगमध्ये, म्हणजे बाटल्या डबे वगैरेंमध्ये, 2025-26 ला 30 टक्के रिसायकल माल आणि 2028-29 पर्यंत वाढत वाढत 60 टक्के असं लिहिलंय. 60 टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त डबा माझ्यासारख्याच्या गाळ्यातून जाणार. तुमचे परचेसवाले फोन करतात आणि विचारतात, एमएफआय (वितळल्यावर माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) एकसारखा मिळेल का, रंग एकसारखा मिळेल का, वास येणार नाही ना, काळे ठिपके नकोत. रास्त आहे, मागा. पण हा माल तुमच्याच कारखान्यातून गेलेला असतो. चार कंपन्यांनी पाच प्रकारचं पीपी बाजारात सोडलं, एकात फिलर, एकात रबर, एकात काय ते देवाला माहीत, सगळ्यांवर 5, आणि मी त्यातून एकसारखा एमएफआय कुठून आणू?

दुसरं म्हणजे भाव. क्रूड, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव, पडलं की तुमचा नवा दाणा स्वस्त होतो आणि त्या दिवसापासून आमचे फोन वाजायचे बंद होतात. 2020 ला आम्ही हे भोगलंय, गोडाऊनमध्ये माल पडून होता आणि मावशींना मी अर्ध्या पगारावर घरी बसवलं, ते मला अजून लागतं. त्यात ऑक्टोबर 2021 ला प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला, तो विषय सरकारचा आहे, तो इथे वाढवत नाही. तुम्हाला एवढंच म्हणते की वर्षाचा करार करा. क्रूड वर जावो की खाली, इतके टन घेऊ असं लिहून द्या. तसा एक करार हातात असला तर मी गरम पाण्याची धुलाई लावेन, वास घालवायची व्यवस्था करेन, बँक पण कर्ज द्यायला ऐकेल.

आमच्या बाजूने काही खोटं चालत नाही असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, तपासणीत काही रिसायकलवाल्यांनी माल रिसायकल केल्याची लाखो बोगस सर्टिफिकेट बनवलेली सापडली, माल न दळताच कागदावर दळलेला. मला त्याची लाज वाटते, त्या बोगस कागदांमुळे खरं काम करणाऱ्याच्या सर्टिफिकेटचा भाव पडतो. आमच्यातही मिक्स माल नॅचरल, म्हणजे बिनरंगाचा, म्हणून खपवणारे आहेत. त्यामुळे खरं लिहा हे मी तुम्हाला सांगते तेव्हा ते आम्हालाही लागू आहे, आमच्या गोणीवर आत काय आहे, कुठून आलंय आणि कितव्यांदा वितळलंय ते आम्ही गेल्या वर्षीपासून लिहायला लागलोय. गिऱ्हाईक कमी झालं नाही उलट दोन जण वाढले.

तर माझं मागणं मोठं नाही. साचा नवा करताना किंवा दुरुस्तीला निघाल्यावर बुडाचा आकडा अंगठ्याएवढा करा, झाकणावर वेगळा कोरा, फिलर असेल तर त्याचं नाव आणि अंदाजे टक्केवारी घाला. मटेरियल बदललं तर साच्यातला आकड्याचा सुटा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, बदला, ते काम टूलरूममध्ये फार वेळाचं नाहीये हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पेटच्या बाटलीवर पीव्हीसी घालू नका. रंग लेबलला द्या, डब्याला नको. पाकिटाचे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करता येत असतील तिथे करा, तशी फिल्म आपल्या देशात बनते. आणि नवीन पॅकिंग बाजारात सोडायच्या आधी त्यातलं पन्नास किलो माझ्यासारख्या एखाद्या युनिटला पाठवा, आम्ही दळून धुऊन वितळवून सांगतो काय होतं ते, त्याचे पैसे पण नका देऊ.

सिपेट, म्हणजे प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेच्या लोकांनाही एक विनंती. 1968 पासून तुम्ही या धंद्याला माणसं घडवून देताय, आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं तुमच्याकडून शिकून साचे बनवतायत, मशीन चालवतायत. त्या मुलांना ट्रेनिंगमध्ये एक आठवडा निवडायच्या टेबलावर बसवा. साचा काढणाऱ्या मुलाने एकदा दिवसभर पंप उपटले की त्याच्या ड्रॉइंगमध्ये फरक पडेल.

आमचा गाळा सकाळी 9 ला उघडतो, भंगाराची गाडी सोमवारी आणि गुरुवारी येते. तुमच्यातलं कोणीही आलं, मालक, डिझायनर, परचेसवाला, तर मावशींच्या शेजारी टेबलावर जागा करून देऊ. येताना तुमच्याच कंपनीचं एक पॅकिंग घेऊन या, आणि बुडाला काय लिहिलंय ते न दाखवता मावशींच्या हातात द्या. त्या काय सांगतात ते ऐका, मग पलटून आकडा बघा.

तुमच्याच धंद्यातली एक,
वालीव, वसई